एकूण सात, हजर एक : ऊसतोडीच्या गावातल्या गाईड पथकाचं प्रकरण

आमची जिल्हा परिषदेची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगररांगेत आहे. वर्ग आठवीपर्यंत. पाचवी ते आठवीच्या मुलींचं गाईड पथक मी जून २०२२ मध्ये सुरू केलं. त्याआधी मी गाईड कॅप्टनचा, म्हणजे पथक चालवणाऱ्या शिक्षिकेचा, बेसिक कोर्स करून आले होते. पथकाची नोंदणी झाली होती, स्कार्फ शिवून आले होते. २८ मुली होत्या. सात-सात जणींचे चार संघ पाडले आणि गाईडच्या रिवाजाप्रमाणे त्यांना फुलांची नावं दिली : मोगरा, जाई, कमळ, झेंडू. प्रत्येक संघाला एक संघनायिका आणि एक उपनायिका. पहिल्या दिवशी मुलींना १९०९ ची गोष्ट सांगितली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मुलांचा स्काऊट मेळावा भरला होता, तिथं काही मुली आपणहून जाऊन उभ्या राहिल्या आणि ‘आम्हालाही हे हवं’ म्हणाल्या. त्यातून पुढं गाईड चळवळ उभी राहिली. भारतात ती १९११ मध्ये जबलपूरला आली. गोष्ट ऐकून मुली एकदम ताठ बसल्या. कुणी न बोलावता गेलेल्या मुली त्यांना फार आवडल्या.

हे सगळं पुस्तकात आहे तसं चाललं होतं. आमचं गाव मात्र पुस्तकातलं नव्हतं.

दसरा झाला की गावात ट्रॅक्टर आणि ट्रक येऊन उभे राहतात. मुकादमाकडून उन्हाळ्यातच उचल घेतलेली असते, ती फेडायला जोडीनं जावं लागतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. आमची माणसं सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, नगर आणि पार कर्नाटकातल्या कारखान्यांपर्यंत जातात आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परततात. मागं राहणाऱ्या पोरांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालतं. आमच्याकडची पद्धत अशी की दोन वेळचं जेवण शाळेत आणि रात्रीचा मुक्काम आजी-आजोबांकडे किंवा चुलत्याकडे. मुलगे बऱ्यापैकी मागं राहतात. मुली सोबत जातात, आणि त्यातही बारा-तेरा वर्षांच्या मुली सगळ्यांत आधी. कोपीवर, म्हणजे तिकडच्या झोपडीवर, स्वयंपाक लागतो, पाणी लागतं, धाकट्याला सांभाळायला कुणी तरी लागतं. दुसरं कारण उघड बोललं जात नाही. वयात आलेली पोर म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर ठेवायची भीती वाटते.

मी याच तालुक्यात वाढले आहे, त्यामुळं यातलं मला काहीच नवीन नव्हतं. तरीही पथक आखताना यातली एकही गोष्ट मी धरली नाही, हे आधी सांगायला हवं.

पहिलं वर्ष

दिवाळी उलटली आणि २८ पैकी १६ मुली गेल्या. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पथकाची सभा असायची. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी नालाकृतीत १२ जणी उभ्या होत्या. मोगऱ्याच्या चार, जाईची एक, कमळच्या दोन, झेंडूच्या पाच. संघ सहा ते आठ जणींचा असावा असं मी शिकून आले होते. म्हणून जे सरळ वाटलं ते केलं : चारांचे दोन संघ केले. जाई आणि कमळ मोडून त्यातल्या मुली मोगरा आणि झेंडूत घातल्या. वही नीट झाली, खेळायला दोन बाजू मिळाल्या. जानेवारीत प्रथमोपचार शिकवला, फेब्रुवारीत आठवडी बाजारात ‘खरी कमाई’साठी, म्हणजे मुलींनी स्वतः कष्टानं पैसे मिळवायच्या उपक्रमासाठी, भेळ आणि बोरांचा स्टॉल लावला. हजेरीच्या हिशेबात माझं काहीच चुकलं नव्हतं.

एप्रिलमध्ये माणसं परतली. जाई संघाची उपनायिका, सहावीतली एक बारकी मुलगी, शाळेच्या पटांगणात माझ्याकडं आली. उन्हानं रापलेली, हाताच्या पंज्यांवर उसाच्या पात्यांचे बारीक बारीक ओरखडे.

“मॅडम, जाई संघ कुठाय?”

मी म्हणाले, “अगं, तुम्ही सगळ्या गेलात ना, म्हणून मोगऱ्यात घातलाय. तू आता मोगऱ्यात ये.”

ती बरं म्हणाली. थोडा वेळ तिथंच उभी राहिली आणि मग विचारलं, “आन् झेंडा?”

संघांचे तिकोनी झेंडे मुलींनी स्वतः भरले होते. जाईचा झेंडा हिनंच भरला होता, पांढऱ्या दोऱ्यानं, पाकळ्या थोड्या वाकड्या. तो मला कपाटात शालेय पोषण आहाराच्या जुन्या रजिस्टरांखाली सापडला. घडी पडून पिवळा झाला होता. तिनं तो हातात घेतला, झटकला आणि मला परत दिला. पुढच्या शनिवारी ती आली नाही.

१६ पैकी १५ जणी गावात परत आल्या होत्या. तिघी आठवी होऊन पुढच्या शाळेत गेल्या. उरलेल्या १२ जणी आमच्याच शाळेत होत्या, पण जून २०२३ मध्ये त्यातल्या पाचच पथकात आल्या. बाकीच्यांना मी कारण विचारलं. कुणी घरकाम सांगितलं, कुणी नुसती मान हलवली. खरं कारण पाचवीतून सहावीत गेलेल्या एकीनं सांगितलं : “आता तिथं आमचं काय न्हाई.”

सोळावीला तिकडंच हळद लागली. कमळ संघाची नायिका, वय १४. हंगाम चालू असतानाच, फेब्रुवारीत, तिकडं दुसऱ्या टोळीतल्या घरात तिचं लग्न लावून दिलं गेलं. मला ते मेमध्ये कळलं, तेही दुकानात सामान घेताना. जिच्याकडून मी गाईडचं वचन म्हणवून घेतलं, जिला दीक्षाविधीत माझ्या हातानं स्कार्फ घातला, तिचं लग्न झालेलं मला तीन महिने माहीत नव्हतं. कुणी सांगितलं नाही, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं. ती गेली त्याच आठवड्यात मी तिचं नाव वहीतून खोडून तिचा संघ मोडला होता. ही गोष्ट आजही मला लिहवत नाही, पण ती गाळली तर पुढचं काहीच समजणार नाही.

चूक नेमकी कुठं होती

मे महिनाभर मी वही घेऊन बसले. दोन गोष्टी दिसल्या.

पहिली क्रमाची. मी अभ्यासक्रम पुस्तकातल्या क्रमानं घेतला होता. जून ते ऑक्टोबर चळवळीचा इतिहास, ध्वज, वचन, नऊ नियम, सलाम, डाव्या हातानं हस्तांदोलन, संचलन. प्रथमोपचार जानेवारीत. म्हणजे ज्या मुली चुलीजवळ, कोयत्यांच्या गर्दीत, सापांच्या रानात सहा महिने राहणार होत्या, त्या निघून गेल्यावर मी भाजलं-कापलं तर काय करायचं ते शिकवत होते, आणि ते गावात राहणाऱ्या मुलींना. चळवळीचे संस्थापक बेडन पॉवेल यांनी ‘तयार रहा’ हे ब्रीद दिलं. माझ्या पथकात कशासाठी तयार राहायचं हे मी ठरवलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट संघाची. संघ म्हणजे मैदानावर उभं राहायची रांग, असं मी धरून चालले होते. रांगेत माणसं नसली की रांग मोडायची. पण मुलींसाठी संघ म्हणजे त्यांचं नाव, झेंडा, आणि ‘आपण सातजणी’ ही गोष्ट होती. ती गावाबाहेरही नेता येते. मुली ती न्यायला तयार होत्या आणि मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

एक स्पष्ट करते. गाईड पथकानं ऊसतोडीचा प्रश्न सुटत नाही. मुलगी कोपीवर गेलीच नाही, गावात राहून शिकली, तरच खरं चांगलं झालं असं म्हणता येईल. वसतिगृहात मुली राहाव्यात म्हणून मी आणि आमचे मुख्याध्यापक दर ऑक्टोबरमध्ये घरोघर जातो. काही राहतात, बऱ्याच राहत नाहीत. हे प्रकरण राहत नाहीत त्यांचं आहे.

दुसरं वर्ष : मानसभा

जून २०२३ मध्ये पथकात २६ मुली होत्या. संघ चारच ठेवले आणि नावंही तीच. जुन्या झेंड्यांपैकी जाईचा धुऊन इस्त्री करून आणला. तो भरणारी मुलगी आता सातवीत होती. तिच्या घरी जाऊन मी तिची माफी मागितली. तिची आई चुलीपुढं बसली होती, तिला काही कळेना की मॅडम पोरीची माफी कशापायी मागत्यात. मुलगी लाजली. शनिवारी आली.

जुलैत नायिका-उपनायिकांची मानसभा बसवली. आदल्या वर्षी मानसभेत मी बोलत होते आणि त्या मान डोलावत होत्या. या वेळी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला : ‘दिवाळीनंतर कोण कोण जाणार?’ आणि मागं जाऊन बसले.

त्यांनी माझ्यापेक्षा चोख हिशेब मांडला. कुणाच्या बापानं उचल घेतली, कुणाचा मुकादम कोण, कुणाची आई यंदा बाळंत होणार म्हणून कोण थांबणार, सगळं त्यांना पाठ. १७ जणी जाणार होत्या, नऊ राहणार होत्या. कुठल्या संघातून किती हेही ठरलं. त्यानंतर झेंडू संघाची नायिका म्हणाली, “मॅडम, म्होरकी जाणार आसंल तर तिची जोडीदारीण राहणारी पायजे. कोयत्यासारखं. दोघं मिळून एक.”

आमच्या पुढच्या सगळ्या रचनेचं मूळ त्या एका वाक्यात आहे. त्या दिवसापासून नियम झाला : नायिका आणि उपनायिका यांच्यातली एक जाणारी आणि एक राहणारी. दोघींनी एकमेकींच्या घरचा एक तरी फोन नंबर पाठ करायचा. लिहून ठेवायचा नाही, पाठ करायचा, कारण कागद हरवतो आणि मोबाइल बापाच्या खिशात असतो.

दुसरं म्हणजे अभ्यासाचा क्रम उलटा केला. संचलन आणि तंबू उभारणी जानेवारीनंतर ढकलली. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत फक्त लागणाऱ्या गोष्टी. कापलं तर स्वच्छ कापडानं दाबून धरायचं, हात वर उचलायचा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन विचारायचं. भाजलं तर हळद नाही, टूथपेस्ट नाही, वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. जुलाब झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे प्रत्येकीनं स्वतः करून, चव घेऊन दाखवायचं, आणि चव डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागली तर ओतून द्यायचं. साप चावला तर करकचून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, माणसाला हलू न देता दवाखाना गाठायचा आणि १०८ ला फोन करायचा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दुखतही नाही, हे सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, “आमी तर खालीच झोपतो.” मग पाचटापासून दूर, जमिनीपासून हातभर उंच झोपायची सोय कशी करता येईल यावर आख्खी सभा गेली.

मासिक पाळीवर दोन सभा घेतल्या, त्यातल्या एकीला आयांना बोलावलं. सहा जणी आल्या. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची राज्य सरकारनं २०१९ मध्ये चौकशी केली होती, तो विषय आमच्या गावात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. एका दिवसाचा खाडा पडला तर पैसे कापले जातात, म्हणून पोटात दुखत असतानाही मोळ्या वाहणाऱ्या बाया समोर बसल्या होत्या. मुलींना कापड कसं धुवायचं आणि का उन्हातच वाळवायचं, एवढं सांगायलाही मला आधी संकोच वाटला. आयांनीच पुढाकार घेतला.

आणि १०९८. बालविवाह होत असेल तर चाईल्डलाईनला फोन करता येतो, गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, १८ वर्षांच्या आतलं लग्न गुन्हा आहे. हे मी कायद्याचा धडा म्हणून सांगितलं नाही. आदल्या वर्षीच्या कमळच्या नायिकेचं नाव घेतलं. सगळ्यांना ते माहीतच होतं. कुणी काही बोललं नाही. सभा संपल्यावर चौघी-पाच जणी आपसांत नंबर म्हणत घरी गेल्या.

निघताना

२०२३ चा पावसाळा मराठवाड्यात कोरडा गेला. सोयाबीन हाती लागलं नाही, त्यामुळं गाव लवकर आणि जास्त संख्येनं हललं. दिवाळीही न करता काही टोळ्या निघाल्या.

जाणाऱ्या प्रत्येकीला खरी कमाईच्या पैशातून एक पिशवी दिली : स्कार्फ, तीन मीटर दोरी, पट्टीची गुंडाळी, ओआरएसची चार पाकिटं, आणि चाळीस पानी वही. वहीत रोज लिहायची सक्ती नाही. एक दिवसाआड एक ओळ. सत्कृत्य केलं तर ते, नाही तर दिसलं ते.

कमळ संघाच्या नव्या नायिकेच्या घरी मी रात्री गेले होते. ही मुलगी वसतिगृहात राहावी म्हणून शेवटचा प्रयत्न. अंगणात भांडी पोत्यात भरलेली, कोंबड्या टोपलीखाली. आई म्हणाली, “मॅडम, तुमचं खोटं न्हाई. पर आजीला धड दिसत न्हाई, पोरगी तेराची झाली. हितं ठिवून गेले तर तिकडं मला घास गिळायचा न्हाई. माज्या डोळ्यापुढं आसलेली बरी.” मी वसतिगृहाचं सांगितलं, चुलतीचं सांगितलं. ती ऐकून घेत होती, ऐकता ऐकता पोत्याला गाठ मारत होती. गाठ सुटली. पोरगी उठली, आईच्या हातातून सुतळी घेतली आणि क्लोव्ह हिच टाकून पक्की आवळली. आई हसली. “हे तुमीच शिकवलं व्हय?” मुलगी दुसऱ्या दिवशी पहाटे गेली. शाळेच्या फाटकापाशी रस्त्यावर खडूनं काढलेला बाण मला सकाळी दिसला. मार्गशोधनात शिकवलेली खूण : या दिशेनं गेलो. तिच्या मागोमाग बाकीच्यांनीही काढले. आठवड्याभरात फाटकासमोर सतरा बाण झाले.

हिवाळा

मागं राहिलेल्या नऊ जणींचं वर्ष अवघड गेलं. ही बाजू मी आधी पुरेशी तोलली नव्हती.

चारही संघ कायम ठेवायचे म्हणजे मैदानावर मोगऱ्याच्या तीन, जाईच्या दोन, झेंडूच्या तीन आणि कमळची एकच. कमळची उपनायिका. सहावीतली, अंगानं बारीक, आवाज मोठा. दर शनिवारी झेंडा वर गेला की संघनायिका पुढं येऊन संघाचा अहवाल देतात. ही एकटी झेंडा धरून उभी राहायची, पुढं यायची, सलाम करायची आणि म्हणायची, “कमळ संघ. एकूण सात. हजर एक.”

पहिल्या वेळी इतर मुली हसल्या. दुसऱ्या वेळी नाही. डिसेंबरमध्ये मी तिला म्हणाले, “खेळापुरती तू जाईत जा, चालेल.” ती म्हणाली, “खेळायला जाते. उभी हितंच राहते.” खेळासाठी आणि कामासाठी आम्ही नऊ जणींचे दोन गट केले. अहवाल मात्र चारच. पाहुणे म्हणून आलेल्या एका साहेबांनी विचारलंच की ही मुलगी एकटी का उभी आहे, तिला कुठल्या तरी संघात घ्या. मी समजावलं. पटलं असं वाटलं नाही.

पण तिला एकटं वाटत होतं, आणि ते मी झाकणार नाही. नऊ जणींची तक्रार रास्त होती : जाणाऱ्यांना पिशवी, जाणाऱ्यांची काळजी, आणि आम्ही काय, पोस्टमन? जानेवारीत आम्ही त्यांच्यासाठी एक रात्रीचं शिबिर शाळेच्या आवारातच लावलं. तंबू, शेकोटी, पिठलं-भाकरी. ते आधीच, नोव्हेंबरमध्ये, करायला हवं होतं.

फोनचं म्हणाल तर फसलं. शनिवारी संध्याकाळी सातला जाणाऱ्यांनी जोडीदारणीला मिस कॉल द्यायचा असं ठरलं होतं. नोव्हेंबरमध्ये अकरा जणींचे आले, जानेवारीत चार. टोळी पहाटे चारला फडात जाते, रात्री गाडी भरायला माणूस लागतं, चार्जिंगला जागा नसते. आम्ही ठरवलेली वेळ तिथल्या दिवसात बसतच नव्हती. नंबर पाठ असणं मात्र उपयोगी पडलं, कारण गरज लागली तेव्हा कुणाच्याही फोनवरून करता आला.

गरज फेब्रुवारीत लागली. झेंडूची जाणारी नायिका, ‘कोयत्यासारखं’ म्हणालेली तीच, तिच्या साखरपुड्याची बोलणी कोपीवर सुरू झाली. तिनं चहाच्या टपरीवाल्याचा फोन मागून उपनायिकेच्या घरी लावला. उपनायिका रात्री आठला माझ्या दारात. दुसऱ्या दिवशी मी, ग्रामसेवक आणि अंगणवाडीच्या ताई मुलीच्या आजोबांकडे गेलो. १०९८ ला कळवलं, तिकडच्या यंत्रणेनं टोळीवर जाऊन आईबापाला समज दिली. लग्न थांबलं. मुलगी आता नववीत आहे. तिचे वडील मला रस्त्यात भेटले तर तोंड फिरवतात. त्यांची बाजूही मला कळते. सहा महिने फडात, रात्री-अपरात्री गाडी भरायला जाताना पोर कुणाजवळ ठेवायची याचं उत्तर माझ्याकडं तेव्हा नव्हतं.

दुसरी एक गोष्ट अनपेक्षित घडली. जाईची एक मुलगी सांगली जिल्ह्यात होती. शिक्षण हमी कार्ड दाखवून तिला तिथल्या शाळेत बसू दिलं. एका शनिवारी त्या शाळेत गाईडच्या मुली गणवेशात दिसल्या. हिनं कोपीवर पळत जाऊन स्कार्फ आणला, गळ्यात घातला आणि त्यांच्या कॅप्टनपुढं जाऊन डावा हात पुढं केला. त्या बाईंनी तो धरला आणि तिला त्यांच्या एका संघात उभं केलं. ‘गाईड दुसऱ्या प्रत्येक गाईडची बहीण’ हे आपण मुलींकडून म्हणवून घेतो. मी तिला ते ध्वजाखाली शिकवलं होतं, तिनं ते परक्या गावात वापरून पाहिलं.

२२ फेब्रुवारीला चिंतन दिन असतो, बेडन पॉवेल आणि त्यांच्या पत्नी ओलेव्ह बेडन पॉवेल दोघांचाही जन्मदिवस. त्या संध्याकाळी सगळ्यांनी जिथं असतील तिथं एक दिवा लावून वचन म्हणायचं ठरलं होतं. गावात नऊ दिवे लागले. तिकडं किती लागले ते वह्यांतून कळलं.

वह्या

सतरा दिल्या होत्या, बारा परत आल्या. एक पावसात भिजली, एक चुलीत गेली, तीन कुठं गेल्या ते मुलींनाही सांगता येईना. आलेल्यांतल्या काहींत चार ओळी, एकीत २३ पानं.

“आज भावाच्या झोळीची दोरी बदलली. पयली गाठ सरकत होती. दोन फास आन् दोन अर्ध्या गाठी मारल्या. झोळी सरकली न्हाई.”

“मुकादमाच्या बायकोचं बोट कापलं. दाबून धरलं. ती म्हणली पोरीला येतंय.”

“२२ तारखेला दिवा लावला. तेल नव्हतं म्हणून रॉकेलची चिमणी. आईनं पण हात वर केला.”

कमळच्या नायिकेच्या वहीचं पहिलं पान मी बराच वेळ पाहत बसले. वर्तुळ आणि मध्ये एक ठिपका. मार्गशोधनातली शेवटची खूण : मी घरी गेले. बेडन पॉवेल यांच्या केनियातल्या न्येरी इथल्या समाधीवरही हीच खूण कोरलेली आहे, हे मी त्यांना सांगितलं होतं. तिनं कोपीतल्या पहिल्या रात्री ती काढली होती आणि मग त्यावर फुली मारली होती. खाली लिहिलं होतं, “हे घर न्हाई. परत गेल्यावर काढीन.”

अजून न सुटलेलं

सोपानांचा, म्हणजे गाईडमधल्या प्रगतीच्या पायऱ्यांचा, प्रश्न तसाच आहे. प्रथम सोपानाहून द्वितीय सोपानाकडं जाताना मधल्या काळात नियमित काम व्हावं लागतं आणि कॅप्टननं ते पाहावं लागतं. सहा महिने गावाबाहेर असलेल्या मुलीचं काम मी कसं पाहिलं म्हणून दाखवू? वहीतल्या नोंदींवरून मी काही जणींचं प्रथमोपचार आणि गाठींचं काम धरलं, बाकीच्यांना एप्रिल ते जून पुन्हा करायला लावलं. राज्य पुरस्कारापर्यंत जाणारी मुलगी या पथकातून कधी निघेल ते ठाऊक नाही. जी झोळीची गाठ अंधारात मारते तिला चाचणीच्या दिवशी ती हजर नव्हती म्हणून बिल्ला नाही, हे मला अजून पटत नाही.

खर्चही आहे. सतरा पिशव्यांना खरी कमाईचे १,४६० रुपये पुरले नाहीत, उरलेलं आम्हा शिक्षकांनी घातलं. दरवर्षी ते जमेलच असं नाही.

दुसऱ्या कुणी कॅप्टननं अशा गावात पथक काढायचं ठरवलं तर मी एवढंच आधी करायला सांगेन की जुलैतच फळ्यावर तो प्रश्न लिहा आणि उत्तर मुलींना देऊ द्या. आणि मागं राहणाऱ्यांसाठी डिसेंबरच्या आत काही तरी मोठं ठेवा.

एप्रिल २०२४

पाडव्याच्या आसपास टोळ्या परतू लागल्या. त्या शनिवारी मी नेहमीपेक्षा लवकर गेले. फाटकासमोरचे बाण केव्हाच पुसले होते, त्या जागी ओळीनं वर्तुळं काढलेली होती, मध्ये ठिपके. काही नुकतीच काढलेली, खडूची पूड अजून वर तशीच. मी मोजली. चौदा.

नाल केली. झेंडा वर गेला. मोगरा झाला, जाई झाली. जाईचा पांढरा झेंडा धरून त्याच मुलीनं अहवाल दिला. मग कमळची वेळ आली. उपनायिकेनं झेंडा नायिकेकडं दिला, नायिकेनं तो तिलाच परत दिला आणि एक पाऊल मागं उभी राहिली. ती पुढं आली. पाच महिने त्याच मोठ्या आवाजात जे म्हणत आली होती ते म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि क्षणभर थांबली. मागं वळून मोजलं.

“कमळ संघ. एकूण सात. हजर सहा.”

सातवी अजून कर्नाटकात होती. तिकडच्या कारखान्याचा पट्टा पडायला आठवडा बाकी होता.